माकूल लागायची जागा

घराला नुसती कडी होती. ओटीवर बॅग ठेवून मी दोनदा "आबा" म्हणून हाक मारली, पण आतून कुणी ओ दिली नाही. शेजारच्या द्वारकाकाकी कुंपणाजवळ आल्या.

"वैजू गे, कधी इलंस? थय कोण नाय. दोघांय खडपार गेलीहत."

"दोघं कोण?"

"तुझो बापूस नि जयमाला. माकलां काढूक. रोजचाच आसा ता."

काकी हसल्या. त्यांच्या हसण्यात वाकडं काही नव्हतं, तरी मला ते खुपलं. जयमाला म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, नंदनची बायको. नंदन मस्कतला होता. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात आता आबा आणि जयमाला एवढेच राहत होते. मी नाशिकहून पनवेल आणि पनवेलहून गाडीने कणकवलीला उतरून रिक्षाने इथवर आले होते. अंग मोडून गेलं होतं. पण घरात जाऊन पाणी प्यायचंही मला सुचलं नाही. मी तशीच मागच्या सुरूच्या बनातून खाली निघाले.

आमच्या वाडीखाली काळ्या कातळाचा एक लांब पट्टा समुद्रात शिरलेला आहे. त्याला आम्ही खडप म्हणतो. माकलं, म्हणजे स्क्विड, तिथेच मिळतात. ऊन कललं होतं, भरती चढत होती, वारा पडलेला. डिसेंबरात पाणी इतकं निवळतं की खडकाला चिकटलेलं शेवाळ खालपर्यंत दिसतं. पट्ट्याच्या मध्यावर जयमाला उभी होती. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, हातात रॉड. तिच्या डाव्या अंगाला, थोड्या वरच्या पायरीवर आबा उभे होते. एसटीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी अंगात तोच खाकी शर्ट. त्यांच्या स्वतःच्या हातात काहीच नव्हतं.

"जाव दे खाली. बुडापर्यंत जाव दे," आबा सांगत होते. "हां, आता उचल. परत एकदा. आता सोड. तंगूस ढिलो करू नको, नुसता खाली पडू दे."

तिने तंगुसाचा नायलॉन दोरा ताठ ठेवत रॉडचं टोक दोनदा वर नेलं आणि हळूच खाली आणलं. मग ती एकदम स्थिर झाली.

"आबा, जड झाला."

"झटको मारू नको. ता आपणच बसलाहा. रील फिरव, एका चालीन."

ती फिरवत राहिली. पाण्यात काहीतरी फिकट, लांबट, मागे मागे सरकत किनाऱ्याकडे येताना दिसलं. "थांबव थय," आबा म्हणाले. "शाई टाकू दे पाण्यातच." पाण्यात काळा ढग फुटला, पसरला. तेव्हा त्यांनी मान हलवली आणि जयमालाने ते माकूल वर उचललं. त्याच्या अंगावरून तांबूस ठिपके भराभर धावत होते, विझत होते, पुन्हा पेटत होते. आबा मोठ्याने हसले. आई गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना ऐकलं नव्हतं. फोनवर तर ते हो-नाय पलीकडे बोलतच नसत.

मी बनाच्या कडेला उभी होते. हाक मारली नाही. ती 'आबा' म्हणाली होती. पूर्वी मामंजी म्हणायची. आणि 'जड झालं' नव्हे, 'जड झाला' म्हणाली होती, आमच्या बोलीत. जतच्या बाजूची ही मुलगी, लग्न होऊन आली तेव्हा समुद्राकडे पाठ करून बसायची.

शेवटी आबांनीच मला पाहिलं.

"वैजू? फोन तरी करूचो."

"केला होता आबा. उचलला नाही तुम्ही."

"फोन घरात ऱ्हवता. पाण्यात पडतलो म्हणान." मग समुद्राकडे वळत म्हणाले, "बस जरा थय. आता थवोच इलोहा, लागतीत अजून."

थवा आला होता, म्हणून मी बसले. जयमाला ओशाळून म्हणाली, "ताई, घरात चहा ठेवते चला," तर आबांनीच तिला थांबवलं. "तिचा काय जाता? घरचीच आसा ती."

*

मी शाळेत होते तेव्हा आबा एसटीवर ड्रायव्हर होते. आठवड्याची सुटी आली की सकाळीच हातगरी, म्हणजे गळ बांधलेला दोरा, घेऊन खडपावर जायचे आणि नंदनला बरोबर न्यायचे. मी मागोमाग जायची. बन संपलं की आबा मागे वळून ओरडायचे, "वैजू, फाटी जा. पाय घसरतलो." मी मागे फिरायची आणि सुरूच्या झाडाआड उभी राहून बघायची. नंदनला त्यात काडीचा रस नव्हता. तो खडकावर आडवा होऊन जांभया द्यायचा. नववीत असताना एकदा मी न ऐकता पहिल्या खडकापर्यंत गेले. आबांनी गरी गुंडाळली, आले, माझा हात धरून मला थेट घरात आणून सोडलं आणि परत गेले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी आले त्या रात्री जेवायला माकलांचं सुकं होतं. जयमालाने माकूल साफ करताना आतलं काचेसारखं पातळ, पारदर्शक पान एका ओढीत बाहेर काढलं, शाईची पिशवी न फोडता वेगळी केली. खोबरं भाजलं, वाटलं. आबा पहिला घास घेऊन म्हणाले, "अगदी तुझ्या आयेच्या वळणार गेलाहा हिचा हात."

"हो," मी म्हटलं. "आईनेच शिकवलं असेल."

"आईंनीच शिकवलं," जयमाला म्हणाली. "शेवटच्या दिवसांत खाटेवरनं सांगायच्या, मी करायची."

शेवटच्या दिवसांत मी नाशिकला होते. मुलाची दहावी होती. रजा मिळवून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. जयमालाच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मला कळत होतं. तरी मी पुढचा घास नुसता कालवत राहिले.

मी काही सहज आले नव्हते. आठवड्यापूर्वी नंदनचा फोन आला होता. त्याचं मस्कतला दुसरं जमलं होतं. ते तो आडून आडून बोलला आणि मी ते समजून घेतलं. मग म्हणाला, "जयमालाकच घराकडे ऱ्हवाचा नाय. तिका माहेरी जावचा आसा. आबा तिका सोडनत नाय. तू जावन आबांका समजव. तुझा ऐकतत ते." माझं आबा कधी ऐकत होते, हे मला आठवेना. पण "बघते" म्हणाले आणि रजा टाकली. खरं सांगायचं तर येताना गाडीत मला वाटत होतं की ते सगळ्यांच्याच भल्याचं होईल. ती तिच्या माणसांत जाईल. आबांना मी नाशिकला नेईन. आणि आता त्या पाटावर बसून मला दिसत होतं, आबांना कुठेच जायचं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आबा दारात येऊन उभे राहिले. "चल गे जयू."

मी स्वयंपाकघरात होते. मला ते 'चल गे वैजू' ऐकू आलं. मी हात पुसत बाहेर आले, चपला घातल्या. मागून जयमाला डबा घेऊन आली तेव्हा लक्षात आलं. आबांच्याही लक्षात आलं असावं. क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"येतंस तू? ये तर. जुनो रॉड आसा."

खडपावर पोचल्यावर त्यांनी डबा उघडला. आत रंगीबेरंगी जिग ओळीने मांडलेले होते. मला वाटलं होतं गळ असतील. पण जिग म्हणजे कोळंबीच्या आकाराचं एक लाकडी खेळणंच. डोळे, अंगावर कापड, आणि शेपटीशी वर वळलेल्या बारीक काट्यांचा झुबका. हे सगळं नंदननेच कधीतरी मस्कतहून आबांसाठी आणलं होतं.

"ह्या काट्यांका दात नसतत," आबा म्हणाले. "म्हणान तंगूस कायम ताठ होयो. ढिलो पडलो की माकूल सुटला."

मग त्यांनी खडकावरचे काळे डाग दाखवले, वाळलेले, शिंतोडे उडाल्यासारखे. "ही शाई. कोणी हय माकूल काढलेला. असे डाग असतीत थय उभा ऱ्हवाचा. वाळूत नाय, खडक नि शेवाळ जय मिळता थय. पाणी गढूळ असला तर घराकडे जावचा." आकाशाकडे बघत त्यांनी माझ्यासाठी गुलाबी जिग निवडला. "उजेड कमी होता तसो ह्यो बरो दिसता तेंका."

त्यांनी मला एवढं सलग कधी काही सांगितलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की हेच सगळं तिला आधी सांगून झालेलं आहे.

मी जिग फेकला. तळाला जाईपर्यंत मोजायचं होतं, ते मी मोजलं नाही. वर ओढला तर काहीतरी जोरात लागलं. मी आनंदाने ओढलं आणि तंगूस तुटला. खडकाला अडकला होता. गुलाबी जिग गेला.

"जाव दे," आबा म्हणाले. दुसरा बांधून दिला. "अडाकलो की ओढूचा नाय. ढिलो सोडून टोक हलवचा, सुटता आपणच."

पुढे बराच वेळ मला काही लागलं नाही. माझ्या शेजारी जयमालाचं एक काढून झालं होतं आणि ती दुसरं काढत होती. टोक दोनदा वर, मग खाली, मग वाट. तिचा चेहरा त्या वेळी अगदी कोरा असायचा. माझा हात भरून आला होता. आबा कालच्यासारखेच तिच्या डाव्या बाजूला, वरच्या पायरीवर उभे होते. माझ्या बाजूला येऊन त्यांना उभं राहता आलं असतं, जागा होती. ते तिथून हलले नाहीत.

मग माझा रॉड जड झाला. आत काही हिसका नव्हता, नुसतं वजन. मी दचकून जोराचा झटका दिला. वजन गेलं. जिग वर आला तर काट्यांना एक बोटभर लांब पाय अडकून राहिला होता, अजून वळवळत होता.

"जयू," आबा म्हणाले, "दाखव जरा तिका."

ती आपला रॉड खडकावर ठेवून माझ्याजवळ आली. "ताई, हिसका मोठा बसतोय तुमचा. बालदीतनं ओला टॉवेल वर काढल्यागत लागतं बघा. तसं लागलं की काहीच करायचं न्हाई. नुसतं फिरवत राहायचं."

"मला कळतं," मी म्हटलं.

ती मागे सरकली. उरलेला वेळ मी फेकतच राहिले, दोघांपैकी कुणाकडे न बघता. मला एकही मिळालं नाही.

घरी जाताना जयमाला पुढे गेली, दिवाबत्ती करायला. बनात मी आबांना गाठलं.

"मला का नाही शिकवलंत कधी?"

"काय?"

"हे. मी लहान होते तेव्हा. मी मागे यायची तुमच्या. तुम्ही घरी पाठवायचात."

आबा चालता चालता थांबले. त्यांनी खरंच आठवायचा प्रयत्न केला, ते दिसत होतं. "तुझी शाळा होती," ते म्हणाले. "नि पाय घसराचो. लहान होतंस."

"नंदन माझ्याहून लहान होता."

आबांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि चालू लागले. मला वाटलं, उद्याच बोलायचं. उद्या आबांना सांगायचं की जयमालाला जाऊ द्या.

*

तिसऱ्या दिवशी आबा सकाळच्या गाडीने देवगडला गेले, तंगूस आणि जिग आणायला. मी ठरवलं, आबांशी बोलण्याआधी तिच्याशी बोलावं. तिलाच जायचं असेल तर प्रश्नच मिटला.

ती मागच्या पडवीत विळीवर नारळ खवत बसली होती. मी समोर बसले.

"जयमाला, एक विचारू? तुला माहेरी जायचंय का?"

तिचा हात थांबला नाही. "त्यांनी पाठवलंय ना तुम्हाला?"

"नंदनने फोन केला होता. तो म्हणाला, तुला जायचंय आणि आबा सोडत नाहीत."

"माहेर कुठं हाय ताई मला?" ती शांतपणे म्हणाली. "कुपवाडच्या कारखान्यात ओळख झाली, पळून लगीन केलं. भाऊ दारात उभा करत न्हाई. आई चोरून फोन करती, ती पण कधीमधी. हे सगळं त्यांना ठाऊक हाय." मग नारळाची वाटी खाली ठेवून तिने हात पुसले. "तुम्हाला सांगते एक. आबांना कळू देऊ नका मी सांगितलं म्हणून."

मी मान हलवली.

"दसरा झाला नि त्यांचा फोन आला. तिकडच्या बाईचं त्यांनी मलाच सांगितलं, सरळ. तू तुझी वाट बघ म्हणाले. आबा घरात नव्हते. मी फोन ठेवला नि खाली खडपावर गेले. तो टोकाचा चपटा खडक हाय बघा, डावीकडं, भरतीत बुडतो तो. तिथं जाऊन बसले. चपला वर काढून ठेवल्या होत्या."

ती थांबली.

"मला पवता येत न्हाई, ताई."

कुंपणापलीकडे द्वारकाकाकी कुणाशी तरी बोलत होत्या. जयमालाने आवाज आणखी खाली आणला.

"पाणी पायांवर यायला लागलं होतं. मागं बघितलं तर आबा. हातात रॉड. त्यांनी आधी चपला बघितल्या, मग मला. मला वाटलं आता ओरडतील, धावत येतील, नंदनला शिव्या देतील. काही न्हाई. तिथंच उभं राहून म्हणाले, थय काय गावाचा नाय गे. माकूल हय लागता. हयसर ये. आणि रॉड पुढं केला."

"मग?"

"मग काय, गेले. दुसरं काय करणार? त्यांनी रॉड हातात दिला. उचल म्हणाले, सोड म्हणाले. अंधार पडेस्तवर मी तेच करत होते. रडत पण होते, त्यांनी न बघितल्यासारखं केलं. घरी आल्यावर पण काही विचारलं न्हाई. आजपर्यंत विचारलेलं न्हाई. दुसऱ्या दिवशी ऊन कललं की दारात उभे. चल गे जयू. तवापासनं एक दिवस चुकला न्हाई. कधी पाणी गढूळ असतं, लागणार न्हाई हे त्यांना माहीत असतं, तरी नेतात."

तिने विळी पुन्हा ओढून घेतली. "आता मला खरंच आवडतं," ती म्हणाली. "पहिले पंधरा दिवस काय लागत होतं नि काय न्हाई, काही कळत नव्हतं."

मी उठले आणि खडपावर गेले, भर दुपारी. ओहोटी होती. ती रोज उभी राहते त्या जागी उभी राहिले. डावीकडे तो चपटा खडक होता, आणि त्या खडकाच्या आणि तिच्या मध्ये आबा उभे राहायचे ती पायरी. दोन दिवस मी ते बघत होते आणि मला वाटत होतं की ते तिचं कौतुक बघत उभे आहेत.

हे कळल्यावर माझ्या मनातलं सगळं धुऊन निघायला हवं होतं. तसं झालं नाही. मला तिची दया आली, आबांबद्दल ऊर भरून आला, आणि तरीही आत कुठेतरी ते जळतच होतं. मला ते 'फाटी जा' म्हणाले होते आणि तिला 'हयसर ये'. कारण कळून त्यात काही फरक पडत नव्हता. उलट आता भांडायलाही जागा उरली नव्हती.

*

आबा दुपारच्या गाडीने परतले. संध्याकाळी आम्ही तिघं निघालो. बनातून उतरताना माझा फोन वाजला. मी दोघांना पुढे जाऊ दिलं.

"बोललंस काय?" नंदनने विचारलं.

"बोलले. जयमालाशी."

"मग? कधी जाता ती?"

"ती जाणार नाही."

"तुका मी आबांवांगडा बोलूक सांगितलेलंय. तिच्यावांगडा नाय."

"नंदन, तुला जे तोडायचंय ते तू तोड. पण त्यासाठी इथे ये. आबांच्या समोर बस, तिच्या समोर बस आणि सांग. तिने कुठे राहायचं ते तू ठरवायचं नाही. हे घर आबांचं आहे."

"नि तुझा काय जाता गे त्यात?"

खाली आबा डबा उघडून बसले होते. जयमाला वाकून काहीतरी विचारत होती. ते नवा जिग उन्हात धरून तिला दाखवत होते, आणि दोघांच्या माना एकाच बाजूला कललेल्या होत्या.

माझं त्यात काय जात होतं, ते मी त्याला सांगितलं नाही. फोन बंद केला.

खाली पोचले तेव्हा आबांनी विचारलं, "कोणाचो फोन?"

"नंदनचा."

"काय म्हणता?"

जयमालाचा हात रीलवर थांबला. मी म्हटलं, "जयमालाला माहेरी पाठवा म्हणत होता. मी सांगितलं, ती हयच ऱ्हवतली."

कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून आमची बोली निघाली होती. आबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली, डब्यातून जिग काढला आणि बांधायला घेतला. गाठ दोनदा चुकली. कधी न चुकणारा माणूस. शेवटी जयमालानेच तो त्यांच्या हातातून घेतला, बांधला आणि रॉड मला दिला.

"आबा, तुम्ही बसा की आज," ती म्हणाली.

आणि आबा बसले. त्या पायरीवरच बसले, पाय खाली सोडून.

जयमाला माझ्या शेजारी उभी राहिली. मी जिग फेकला. या वेळी तळाला जाऊ दिला. दोनदा उचलला, सोडला. पुन्हा उचलला, सोडला. समुद्रावरचा उजेड तांबूस होऊन विझायला आला होता. मग ते आलं. ओला टॉवेल. मी तिच्याकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली, काही करू नका. मी फिरवत राहिले. हाताला एक लय लागली, ओढ आणि सैल, ओढ आणि सैल, जणू पलीकडून कुणी श्वास घेत होतं. पाण्याच्या कडेला ते फिकट अंग दिसलं आणि मला राहवलं नाही, मी तसंच उचललं. शाईची चिळकांडी थेट माझ्या छातीवर आणि तोंडावर. जयमाला तोंडावर हात दाबून हसायला लागली, मग हात काढून हसली. मागून आबांचा आवाज आला, "अगे, तेका शाई टाकूक दी आधी." तेही हसत होते. मी बाहीने तोंड पुसलं. खारट लागलं, थोडं गोडसरही.

*

नंदन मेमध्ये आला. दोन दिवस राहिला. आबा त्याच्याशी एक शब्दही वावगा बोलले नाहीत, फक्त तो निघताना त्याच्याबरोबर नाक्यापर्यंत गेले नाहीत. रीतसर वेगळं व्हायला पुढे वर्ष लागलं. जयमाला त्याच घरात राहिली. वाडीतल्या लोकांनी थोडे दिवस बोलून घेतलं आणि मग सोडून दिलं.

मी दर डिसेंबरात जायची. माकूल काढायला मी शिकले ते तिच्याकडून. आबांनी मला त्यानंतरही कधी सलग काही शिकवलं नाही. ते पायरीवर बसून बघायचे आणि मी चुकले की तिला सांगायचे, "तिका सांग." मला ते दर वेळी लागायचं. मी दर वेळी रजा टाकून जायची.

आबा गेले ते मार्गशीर्षात, झोपेतच. मला पोचायला दुसरा दिवस उजाडला. समाचाराला येणारे लोक आधी जयमालाजवळ बसायचे, तिचा हात हातात घ्यायचे, तिला विचारायचे की कसं झालं, काय बोलले, शेवटचं काय खाल्लं. ती सांगायची. मग त्यांची नजर माझ्याकडे वळायची आणि ते म्हणायचे, तू कधी इलंस गे वैजू? कितीही जण आले तरी हाच क्रम. मला ते दुखत होतं. आजही आठवलं की दुखतं.

संध्याकाळी गर्दी वाढली. दारातून आणखी बायका आत येत होत्या आणि चटईवर जागा उरली नव्हती. जयमाला उठून त्यांना जागा करून द्यायला निघाली. मी तिला हाताला धरून खाली बसवलं आणि मीच भिंतीकडे सरकले.